घंटा होईपर्यंत

१

आमच्या संग्रहालयाचे दोन मजले तलवारी, फुटकी मडकी आणि मेलेल्या लोकांच्या तसबिरींनी भरलेले आहेत, आणि तळघरात मी आहे. शाळेची मुलं वर जांभया देत फिरतात आणि माझ्याकडे आली की जागी होतात. स्वतःच्या तोंडाने सांगितलं की बढाई वाटते, पण अभिप्रायाची वही कुणीही उघडून बघावी.

माझ्या कार्यक्रमाचं नाव ‘युद्धातला एक दिवस’. गेली सहा वर्षं आठवड्यातून तीनदा मी हा एकच दिवस जगते आहे. मुलं आली की प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी अडकवायची, तिच्यावर नाव आणि आकडा. मग खळ लावून खिडक्यांना काळा कागद चिकटवायचा. आमचे चौकीदार दादा डोक्यावर लोखंडी टोपी चढवून बाहेर जातात आणि कुठूनही उजेडाची तिरीप दिसली की दारावर काठी आपटून ओरडतात, “दिवा झाका! सगळ्या गावाला मारायचंय का?” दादांना ओरडायला मनापासून आवडतं. घरी माझं कुणी ऐकत नाही, असं ते स्वतःच सांगतात.

त्यानंतर तराजू. माणशी आठवड्याची साखर एका छोट्या वाटीत मावते हे बघून मुलांची तोंडं उतरतात. मग मोजे रफू करायचे, त्यात कुणाच्या तरी बोटाला सुई टोचून रडारड ठरलेली. शेवटी दादा भोंग्याचा दांडा फिरवतात, मी “धावायचं नाही, ढकलायचं नाही” म्हणते, आणि सगळी वरात घोंगड्या सावरत तळघरात उतरते.

मुलं खरी येतात ती यासाठी.

२

तळघर लांबच लांब आणि अरुंद आहे. एका भिंतीला सलग लाकडी बाक, समोरच्या भिंतीला काहीच नाही. जिन्याकडच्या टोकाला, बाकाच्या डावीकडे, माझी जागा, कारण दिव्याचं बटण तिथल्या भिंतीवर आहे. दुसऱ्या टोकाला पुन्हा भिंत आणि तिच्यावर पितळी घंटा. घंटेची दोरी शेवटच्या मुलाच्या उजव्या हाताशी येते.

मुलांना उंचीप्रमाणे बसवायचं, लहान माझ्याजवळ, उंच घंटेकडे. सगळ्यांनी एकमेकांचे हात धरायचे. मी दिवा घालवते. मनात तीन मोजते आणि माझ्या उजवीकडच्या मुलाचा हात एकदा दाबते. त्याने पुढच्याचा दाबायचा, त्याने त्याच्या पुढच्याचा. शेवटच्या मुलाकडे दाब पोचला की त्याने घंटा वाजवायची, म्हणजे सगळे जागेवर आहेत, सगळे ठीक आहेत. या सगळ्यात बोलायचं नाही.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. कार्यक्रम सुरू झाला त्या वर्षी एक म्हाताऱ्या बाई भेटायला आल्या होत्या. लहानपणी त्या याच तळघरात बसलेल्या. त्यांनीच मला हे समजावून सांगितलं, माझा हात हातात घेऊन दाबून दाखवला आणि दोन नियम लिहून घ्यायला लावले. दाब आल्याशिवाय घंटा नाही. आणि घंटा होईपर्यंत हात सोडायचा नाही. त्या स्वतः मात्र खाली उतरल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. बाहेर पडताना दादांनी टेकू द्यायला हात पुढे केला तर तोही त्यांनी घेतला नाही, कठडा धरून एकट्या गेल्या.

चोवीस मुलांची ओळ असेल तर दाब पोचायला बारा सेकंद लागतात. मी स्टॉपवॉच लावते आणि आकडा फळ्यावर लिहिते, कारण विक्रम म्हटलं की मुलं जीव तोडून करतात. सहा वर्षांत अकराच्या खाली आणि पंधराच्या वर कुणी गेलं नव्हतं.

३

एका मंगळवारी एकोणीस सेकंद लागले.

वर्ग बावीस जणांचा, पोरं चुणचुणीत. मी म्हटलं, मधे कुणीतरी पेंगलं असेल. गुरुवारी तेवीस मुलींना सव्वीस सेकंद लागले. शनिवारी एकतीस. ती मुलं तर सातवीची होती, रफूसुद्धा त्यांनी न रडता केलं होतं.

मी दुकानात जाऊन स्टॉपवॉचचा सेल बदलून आणला. दादांना वर उभं करून त्यांच्या घड्याळाशी ताडून बघितलं. एका सेकंदाचाही फरक नव्हता.

“हल्लीची पोरं मंदच आहेत,” दादा म्हणाले. “दिवसभर मोबाइल दाबतात, माणसाचा हात दाबायची सवय कुठंय त्यांना?”

“अहो, तीन आठवड्यांपूर्वी होती की सवय.”

“मग तुमचीच नसेल. तुम्हीच उशिरा सुरू करत असाल, बाई. वय झालं की होतं तसं.”

मी त्यांना काठी दाखवली. पण घरी जाताना विचार केला की म्हातारा म्हणतो त्यात तथ्य असू शकतं. रोज तेच ते केलं की माणूस मधेच हरवतो. पुढच्या खेपेला मी अगदी मोजून, दात आवळून, बटण दाबलं त्याच क्षणी हातही दाबला.

चाळीस सेकंद लागले. त्या चाळीस सेकंदांत मी एक गोष्ट ऐकली. मुलांच्या श्वासांचा आवाज आधी माझ्या शेजारून येत होता आणि हळूहळू पलीकडच्या टोकाला गेला. तसं होतंच, दाब पुढे गेला की अलीकडची मुलं सैल होतात. पण तो टोकाला पोचून थांबला नाही. आणखी पुढे गेला.

तिथे भिंत आहे. भिंतीवरून आवाज परत येत असणार, असं मी स्वतःला सांगितलं आणि फळ्यावर चाळीस लिहिताना संग्रहालयाच्या प्रमुख मॅडम येऊन विचारतील म्हणून चौदा लिहिलं. खोटं लिहायची ती माझी पहिली वेळ.

४

माझी मुलगी चौथीत आहे. वर्गातल्या सगळ्यांपेक्षा ती वीतभर उंच आहे, म्हणून पोरं तिला शिडी म्हणतात. आधी रडायची, आता स्वतःच वहीवर शिडीचं चित्र काढते. आम्हीही घरी तेच म्हणतो.

तिचा वर्ग महिन्याच्या शेवटच्या शनिवारी यायचा होता. गेल्या वर्षीपासून ती या दिवसाची वाट बघत होती. तिच्या शाळेत कुणाचे वडील डॉक्टर, कुणाची आई बँकेत, आणि माझ्या पोरीला अभिमान कशाचा, तर आपली आई तळघरात दिवा घालवते याचा.

“मी सगळ्यांत उंच, म्हणजे घंटा मीच वाजवणार ना?” जेवताना तिने शंभराव्यांदा विचारलं.

“हो गं बाई.”

“आम्ही दहा सेकंदांत करणार. बाबा, हात दे. आई, तू पण. चल.”

जेवणाच्या टेबलावर खरकटे हात एकमेकांत अडकवून आम्ही सराव केला. तिच्या बाबांनी मुद्दाम उशीर केला आणि ती ओरडली, “बाबा, तू युद्धात मेला असतास!” तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

मी पण हसले. पण तिच्या हाताकडे बघत राहिले. लांब बोटं, नखांत शाई. तो हात त्या टोकाला, त्या भिंतीशी असणार, हे एकदम मनात आलं आणि घास तोंडात फिरायला लागला. असं का वाटावं, याचं धड उत्तर माझ्याकडे नव्हतं.

५

उत्तर मिळालं ते पुढच्या गुरुवारी, आणि तेही अर्धंच.

त्या दिवशी टोकाला एक जाड भिंगांचा चष्मा लावलेली मुलगी होती. वर्गातली शहाणी, सगळ्या प्रश्नांना हात वर करणारी. घंटा पन्नासाव्या सेकंदाला झाली. मी दिवा लावला, मुलं ओरडत उठली, घोंगड्या तुडवत जिन्याकडे पळाली. चष्मेवाली जागेवर बसून होती.

“शाब्बास,” मी म्हटलं. “छान वाजवलीस घंटा.”

“मी नाही वाजवली, बाई.”

“मग कुणी?”

“माहीत नाही. मी दोरी शोधत होते, तेवढ्यात कुणीतरी माझा हात धरला. म्हणजे मी शेवटची नव्हते. म्हणून मी दाब पुढे दिला.” तिने चष्मा काढून फ्रॉकला पुसला. “बरोबर केलं ना?”

मी तिच्यापलीकडे बघितलं. बाक संपतो तिथून भिंतीपर्यंत जेमतेम एक वीत जागा उरते. तिथे मांजरही बसणार नाही.

“कसा होता गं तो हात?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“लहान होता,” ती विचार करून म्हणाली. “कोरडा. खडूचं डस्टर धरल्यावर होतो ना हात, तसा.”

ती निघून गेल्यावर मला भीती वाटली. ती कशी वाटली हे सजवून सांगण्यात अर्थ नाही. दिवसाचे साडेअकरा वाजले होते, वर दादा कुणाला तरी चपला बाहेर काढायला सांगत होते, आणि मला त्या बाकाकडे पाठ करून जिना चढता येईना. मी उलटी, कठडा धरून, एकेक पायरी चढले.

६

दुपारी मी टेप घेऊन परत खाली गेले. दादांना जिन्यावर उभं राहायला सांगितलं.

“काय मोजताय?”

“बाक.”

“तो वाढलाय का?”

वाढला नव्हता. भिंत ठोकून बघितली, सगळीकडे सारखी भरीव वाजली. घंटेची दोरी ओढून बघितली, सैल नव्हती, आपोआप हलत नव्हती. मग मी त्या टोकाला बसले, उजवा हात भिंतीकडे उघडा ठेवला आणि दादांना म्हटलं, “दिवा घालवा, दहापर्यंत मोजा आणि लावा.”

“बाई, बरं वाटत नाहीये का?”

“घालवा हो.”

अंधार झाला. दादांनी मोठ्याने, सावकाश दहा मोजले. सातानंतर खोकले, मग पुन्हा सहापासून मोजले. काही झालं नाही. हातावर तळघराची थंड हवा लागली, बाकी काही नाही. दिवा लागला तेव्हा माझं मलाच हसू आलं. एका चष्म्यातल्या पोरीने थाप मारली आणि मी टेप घेऊन भुताची मापं काढतेय.

तरीही मी मॅडमच्या खोलीत जाऊन म्हटलं, “शनिवारी खालचा भाग गाळू या का? दमट वास येतोय.”

“मुलं त्याच्यासाठीच येतात असं तुम्हीच अहवालात लिहिलंय,” मॅडम म्हणाल्या. “आणि तुमच्याच मुलीचा वर्ग ना? तिला काय सांगाल?”

तिला काय सांगणार होते? आजारी पड, असं? मी दोन रात्री विचार केला आणि एक युक्ती काढली. ओळ उलटी करायची. उंच मुलं जिन्याकडे, बुटकी घंटेकडे. शिडी पहिली येईल, दिव्याच्या बटणापाशी, माझ्या नेहमीच्या जागेवर. आणि शेवटच्या मुलाच्याही पलीकडे, घंटेशी, मी स्वतः बसेन. दोरी माझ्या हातात, भिंत माझ्या शेजारी. मग बघू कोण माझा हात धरतंय ते.

या युक्तीवर मी इतकी खूश होते की शनिवारी सकाळी भोंग्याला तेल घालताना गाणं गुणगुणत होते.

७

शिडीचं तोंड आधी एवढंसं झालं. घंटा नाही म्हणजे काय? पण “सुरुवात तू करायची, दिवा तू घालवायचा, सगळं तुझ्या हातात,” असं म्हटल्यावर ती ताठ झाली आणि मैत्रिणींकडे एक नजर टाकून माझ्या जागेवर जाऊन बसली. तिच्या डावीकडे भिंत आणि बटण. उजवीकडे तेवीस मुलं. त्यांच्यानंतर मी. माझ्या डाव्या हातात वर्गातल्या सगळ्यांत बुटक्या मुलीचा घामेजलेला हात, उजव्या हातात दोरी.

“दिवा घालव, मनात तीन मोज आणि दाब दे,” मी म्हटलं. “घंटा झाली की दिवा लाव.”

दिवा गेला.

स्टॉपवॉच धरायला हात मोकळा नव्हता, म्हणून मी मनात मोजत होते. पाच. दहा. माझ्या उजवीकडे काही नव्हतं. मी दोरीवरची बोटं पसरून मुद्दाम भिंतीला टेकवली. चुना, गार, बाकी काही नाही. बारा. पंधरा. मला इतकं हलकं वाटलं की मी अंधारात हसले.

वीस. दाब आला नव्हता.

पंचवीस. शिडीच्या बाजूने आधी खुसफुस येत होती, ती थांबली. तीस. एक गोष्ट लक्षात आली आणि माझं हसू गेलं. दाब मधे अडकला असता तर तो देऊन मोकळ्या झालेल्या मुलांनी चुळबुळ केली असती. कुणीच हलत नव्हतं. सगळी ओळ सुरुवातीची वाट बघत बसली होती. म्हणजे दाब निघालाच नव्हता.

चाळीस. श्वासांचा आवाज आता जिन्याच्या बाजूने येत होता. शिडीच्या जागेवरून आणि तिच्याही डावीकडून, जिथे नुसतं बटण आणि भिंत आहे.

“दिवा लाव!” मी ओरडले. “शिडी, दिवा लाव!”

दिवा लागला. मुलं डोळे चोळत हसायला लागली, हात सुटले, कुणीतरी “आई घाबरली, आई घाबरली” असं गाणं म्हटलं. मी शिडीकडे बघत होते. तिने दिवा उजव्या हाताने लावला होता. अंग वळवून, छातीवरून हात पलीकडे नेऊन. डावा हात बटणाच्या अगदी जवळ होता, पण तो तिने उचलला नव्हता. तो बाकावर, भिंतीलगत, पालथा पडून होता.

८

शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा. बाकीची मुलं बसने गेली आणि आम्ही दोघी चालत निघालो. ऊन होतं, रस्त्यावर दुकानं उघडी होती, एक माणूस शिडीवर चढून पाटी रंगवत होता. एरवी आमच्या शिडीने त्यावर दहा विनोद केले असते.

“रागावलीस?” मी विचारलं.

“नाही.”

“मग सुरुवात का नाही केलीस? सगळे वाट बघत होते ना.”

“पण मी पहिली नव्हते,” ती म्हणाली. “माझ्या अलीकडे कुणीतरी होतं. त्याने माझा हात धरला. मग त्याच्याकडून दाब आल्याशिवाय मी कसा देणार?”

मी चालत राहिले. 

“आई, हळू चाल ना.”

“का गं?”

ती मागे, डावीकडे बघत राहिली. मी तिचा उजवा हात धरला होता. डावा ती अंगापासून जरा लांब, जरा मागे धरून चालत होती. मी पुढे होऊन तो हात बघितला. तिची बोटं एकमेकांना चिकटली होती आणि पांढरी पडली होती, कुणी गच्च धरल्यावर पडतात तशी. नखांतली शाई तेवढी निळी दिसत होती. मी ती बोटं चोळली. गरम होती, तिचीच होती, पण रंग परत येईना. आणि चोळताना माझ्या अंगठ्याला, तिच्या बोटांवर, काहीतरी कोरडं लागलं.

मी हात मागे घेतला. पोटच्या पोरीच्या हातावरून मी हात मागे घेतला, हे मला आजन्म विसरता येणार नाही.

“दुखतंय का?”

“नाही. पण तू घंटाच नाही वाजवलीस,” शिडी म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती, फक्त तक्रार होती. “घंटा होईपर्यंत हात सोडायचा नाही असं तूच सांगतेस. मग तो कसा सोडेल?”

सहा वर्षांत शेकडो मुलांना मी हा नियम पाठ करून घेतला. आणि माझी स्वतःची पाळी आली तेव्हा दिवा लाव म्हणून ओरडले.

९

आम्ही संग्रहालयात परतलो तेव्हा दादा कुलूप लावत होते.

“काय विसरलात?”

“घंटा,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, शिडीकडे बघितलं, तिच्या लांब धरलेल्या हाताकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच काही टोमणा न मारता दार उघडलं.

जिना उतरून मी सरळ पलीकडच्या टोकाला गेले आणि दोरी ओढली. एकदा, दोनदा, पाच वेळा. सगळं तळघर घणघणलं. मग तिचा हात उजेडात धरून बघितला. पांढराच.

“असं नाही चालत, आई,” ती समजुतीने म्हणाली. “आधी दाब यायला हवा.”

तिचं बरोबर होतं. नियम दोन होते आणि मी एकही पाळला नव्हता. मी घंटेशी बसले, तिला माझ्या डावीकडे बसवलं, तिचा उजवा हात माझ्या हातात घेतला. तिने डावा हात बाकावर पालथा ठेवला. त्या हाताच्या पलीकडे बाक रिकामा होता, सरळ जिन्यापर्यंत, चोवीस माणसांचा.

“दादा,” मी हाक मारली, “दिवा घालवा.”

“किती वेळ?”

“बारा सेकंद.”

दादा दोन पायऱ्या खाली आले, वाकून बटण दाबलं आणि घाईने वर गेले.

बारा झाले. वीस झाले. शिडीचा हात माझ्या हातात होता, ओळखीचा, जरा घामेजलेला. मला इतकी भीती वाटत होती की मी मोजायची थांबले. फक्त एक ठरवलं होतं की या वेळी ओरडायचं नाही, उठायचं नाही, आणि तिचा हात काही झालं तरी सोडायचा नाही.

बाक करकरला. आमच्या जवळ नाही, पार जिन्याकडे. मग जरा अलीकडे. कुणी बसताना करकरतो तसा, एकेक करून, सावकाश.

“आला?” मी कुजबुजले.

“नाही अजून.” तिने मान वळवल्याचं मला जाणवलं. ती ऐकत होती. “लांबून येतोय, आई. खूप जण आहेत.”

वरून दादांनी विचारलं, “बाई, झालं का? लावू दिवा?”

“नको,” मी म्हटलं आणि दोरी नीट धरली. “सगळे यायचेत अजून.”